माळवदावरचा जाळ

१९७३ सालच्या मार्च महिन्याच्या बारा तारखेला, सोमवारी, सकाळी साडेसहा वाजता माझ्या आईने रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि ती माती आणायला पांढरीकडे चालू लागली. तिच्या मागे आठ बायका होत्या. सर्वांत शेवटी कुदळ आणि फावडे घेऊन मी होतो. वेळ नक्की आठवते, कारण शाळेच्या व्हरांड्यात घड्याळाखालीच आमचे बिऱ्हाड होते आणि निघताना मी त्याच्याकडे पाहिले होते. दुपारी तीन वाजता सरकारी साहेबांची जीप येणार होती. त्यापूर्वी आमच्या नव्या घरावर छत पुरे झालेले असणे आवश्यक होते.

आमचे गाव शेवगावपासून तीन कोसांवर. गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या अलीकडे, नऊ ख्रिस्ती कुटुंबांची आमची वस्ती. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. प्रार्थना बदलली, नावे बदलली, गावातील जागा बदलली नाही. शेतकऱ्यांची घरे माळवदाची होती: जाड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्यांची किलचण आणि तिच्यावर वीतभर मातीचे सपाट छत. आमची घरे पाचटाची. फेब्रुवारीतील एका दुपारी, सगळी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत असताना, कोणाच्या तरी चुलीतील ठिणगी वाऱ्याने उडाली आणि नऊही छपरे अर्ध्या तासात खाली बसली. माणूस दगावले नाही. मार्थाबाईची शेळी गेली, आणि माझे ड्रॉइंगचे प्रमाणपत्र.

त्यानंतर आम्ही नऊ कुटुंबे मिशनच्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात राहिलो. तीन विटांची एक चूल, अशा नऊ चुली ओळीने मांडलेल्या. सकाळी सर्व चुलींवर एकच पदार्थ असे: रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. रात्री हुलग्याचे माडगे. ते पातळ असे, म्हणून पुरे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा खाऊ, बायका पदराला बांधून आणीत आणि पोरांना वाटून देत. पहाटेपासून रस्त्याच्या बाजूने खडी फोडण्याचा आवाज येई. तो थांबला की समजावे टँकर आला आहे, कारण त्या क्षणी सगळे हातोडे टाकून घागरींकडे पळत. व्हरांड्यात कोणाचेही काही झाकलेले राहत नव्हते. कोण कोणाशी भांडले, कोणाची भाकरी करपली, कोण निजेत रडले, हे नऊही घरांना कळे. मला ती अडचण वाटे. आईला वाटत नसे.

सरकारने आमची दखल तत्परतेने घेतली, हे नमूद केले पाहिजे. ओढ्यापलीकडच्या उघड्या माळावर नऊ खोल्या मंजूर झाल्या. लोखंडी अँगल, चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. विहीर, शाळा आणि आमचे देऊळ, म्हणजे चर्च, तेथून मैलभर मागे राहणार होते. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि तालुक्याला एका बांधकाम कचेरीत नकाशे उतरवणारा हंगामी ट्रेसर होतो. त्या नऊ खोल्यांचा नकाशा माझ्याच हातचा. रेघा सरळ होत्या, अक्षर चांगले होते. मी तो अभिमानाने घरी आणून जमिनीवर पसरला.

आईने तो बराच वेळ पाहिला. “ह्यात चूल कुठं?”

“बाहेर.”

“बाहेर म्हंजी उन्हात का पावसात?”

मार्थाबाई आमच्या शेजारच्या चुलीवर बसली होती. साठीच्या पुढची विधवा, मागे-पुढे कोणी नाही, जीभ मात्र धारदार. ती वाकून म्हणाली, “आगं, पोरानं देवळातली दानपेटी काढलीया. वरनं पैसा टाकायचं भोक तेवढं ऱ्हायलंय.” व्हरांडाभर हशा झाला. मी नकाशा गुंडाळला. त्या दोन प्रश्नांना माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते आणि पुढे कित्येक वर्षे दुसरीकडच्या नोकरीत मी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांच्याजवळही नव्हते.

माझे वडील शमुवेल मिस्त्री. गावातील निम्म्याहून अधिक माळवदे त्यांनी घातली किंवा दुरुस्त केली होती. त्या घरांना आतून वर जायला जिना असे. वडिलांसाठी बाहेरून शिडी लावत. दुपारची भाकरी शिडीच्या पायथ्याशी ठेवत. याविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. आगीनंतर तिसऱ्या दिवशी ते आमच्या जळक्या जागेवर उभे राहिले, पायाने राख सारली आणि म्हणाले, “हितंच बांधायचं. आन आता पाचाट न्हाई. माळवद.” मी त्यांना समजावले की सरकारी मदत पक्क्या घरालाच मिळते. त्यांनी मला अर्ज लिहायला सांगितला. अर्जाला साहेबांचे उत्तर आले. ते मीच कचेरीतून आणून वाचून दाखवले. मातीचे छत पक्क्या बांधकामात मोडत नाही, शिवाय त्यात लाकूड असल्याने आगीचा धोका कायम राहतो, तरी अर्जदारांनी सोमवारी माळावरील खोल्यांच्या ताब्यासाठी अंगठे द्यावेत. वडिलांनी ते उत्तर माझ्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतले. ‘आगीचा धोका’ या शब्दांपाशी त्यांनी मला थांबवले. “बरं,” एवढेच ते म्हणाले.

आमच्या घराच्या भिंती तोपर्यंत उभ्या राहिल्या होत्या. खडीकामावरून परतल्यावर नऊही घरची माणसे हात लावीत. दगड ओढ्यातले. लाकूड शाळेच्या आवारातील दोन कडुलिंबांचे. दुष्काळाने ते उभ्या उभ्या वाळले होते आणि मिशनच्या पाळकसाहेबांनी तोडू दिले. शनिवारी तुळया चढल्या, किलचण झाली, तिच्यावर तरवडाच्या फांद्या आणि चिखलाचा पातळ थर पडला. राहिली होती ती वरची माती, आणि ती फक्त पांढरीत मिळते. पांढर म्हणजे जुन्या गावठाणाचा उंचवटा. पिढ्यान्पिढ्या माणसे राहून गेली, भिंती पडल्या, चुलींची राख साचली. त्या सगळ्याची फिकट, भुसभुशीत माती झाली. पावसाचे पाणी पडले की ती फुगते आणि आपली भेग आपण बुजवते. काळ्या रानाची माती वाळली की फाटते. ती छतावर चालत नाही. पांढरीला कुदळ लावायची तर गावाला विचारायचे, असा रिवाज होता. विचारले असते तर नकार आला असता. म्हणून आम्ही विचारले नाही.

पांढरीवर आबा उभे होते. गावातील वयाने सर्वांत मोठे शेतकरी. त्यांचे घर पांढरीच्या कडेलाच. त्यांनी बायकांची रांग येताना पाहिली आणि धोतराचा सोगा हातात धरून ते वाटेत येऊन थांबले.

“काय गं शमुवेलाची? सकाळ सकाळ कुठं?”

“माती न्यायला आलोय, आबा.”

“कोनाला इचारून?”

“तुमी हायेत की हितं. इचारते. नेऊ का?”

“पांढरीची माती गावाची हाय. देवाची जागा हाय ही. गावानंच हात लावावा.”

“मंग आमी कोन?” आई म्हणाली. तिने पाटी खाली ठेवली. “आबा, तुमच्या डोईवर आज कोनाच्या हातची माती हाय? तुमी निजता तिच्याखाली. पावसाळ्यात गळलं की बोलावनं कोनाला येतं? आदी ती समदी माती उतरवून टाका. मंग मला म्हना, हात लावू नगं.”

मागून मार्थाबाई म्हणाली, “उतरवायला बी आमालाच बोलावतील बघ.”

काही बायका हसल्या. आबा हसले नाहीत. पण ते वाटेवरून हललेही नाहीत. आईने माझ्या हातातून कुदळ घेतली, त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर ती पांढरीत घातली आणि ढेकूळ उपसले. आबांनी पाय मागे घेतला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि ते आपल्या ओट्यावर जाऊन बसले. तेथून ते आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही माती काढत होतो त्यात खापऱ्या निघाल्या, काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा निघाला, जात्याचा अर्धा दगड निघाला. ही माणसे कोण होती, कोणाला ठाऊक. त्यांच्यापैकी कोणाला पांढरीवर येऊ दिले जात होते आणि कोणाला नाही, हे त्या तुकड्यांवरून ओळखू येत नव्हते.

नऊ वाजता वडील छतावर चढले. या वेळी शिडी आमचीच होती. बायका खालून चाळलेली माती देत, मी ती वर ओढून पसरत होतो. येथे मी एक चूक केली आणि ती लिहिली पाहिजे. वर्गात मला शिकवले होते की भराव ओला करून चोपावा. वडील पन्हळ बसवत असताना मी दोन घागरी पाणी वर घेतले आणि एका कोपऱ्यातील माती भिजवून पायाने तुडवू लागलो. आईने खालून पाहिले. “आरं, काय करतो? दोन दिसांचं पानी हाय ते!” वडील आले. त्यांनी तो कोपरा पाहिला, माझ्याकडे पाहिले नाही. “पांढरी माती कोरडीच टाकायची. पानी वरचा देतो. आपन द्यायचं न्हाई. तुडवलीस की ती दगड हुती, आन दगड फुटतो.” त्यांनी फावड्याने भिजलेली माती काढून खाली फेकली. दोन घागरी पाणी तिच्यात गेले होते. त्या दिवशी आमच्या चुलीवर माडगे झाले नाही. त्यानंतर आई पाटी माझ्याकडे जरा जोराने फेकत होती.

आज मी ज्या घरात राहतो ते स्लॅबचे आहे. मुलांनी हौसेने बांधले. उन्हाळ्यात तीन महिने मी जिन्याखाली खाट टाकतो. माझी तक्रार नाही. तरुण इंजिनिअर भेटायला येतात आणि मातीच्या घरांविषयी गोड बोलतात. त्यांच्या बोलण्यात ती घरे फार सुंदर असतात. आम्ही ते घर सुंदर म्हणून बांधले नाही. ज्याला लागणारे सामान पायी चालत जाऊन आणता येते, जे कोरड्या सालात उभे राहते आणि ज्याची दुरुस्ती घरच्या बाईला करता येते, असे दुसरे घर आम्हाला ठाऊक नव्हते.

तीनच्या ठोक्याला जीप आली. साहेब नगरचे, मध्यम वयाचे, नीटनेटके. नियमाबाहेर कधी गेले नाहीत आणि कोणाचे वाईटही त्यांनी केले नाही. मागच्या बाकावर चुन्याची पिशवी होती: माळावर रेघा मारण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पत्र्यांचा ट्रक येणार होता. ते उतरले तेव्हा वडील छतावर तुरीच्या तुराट्यांच्या पेंढ्या रचत होते. जळून उरलेल्या छपरांचे वासेही त्यांनी वर नेले होते. गावातून बरीच माणसे पाहायला आली होती. आबाही होते, थोडे दूर.

“मिस्त्री, हे काय चालले आहे?” साहेबांनी विचारले.

“सायेब, तुमी लिवलं, ह्याला आगीचं भ्या हाय. म्हनून म्हटलं, लावून बघू.”

“वेडेपणा करू नका. घर जाईल.”

“जाऊ द्या. गेलं तर तुमच्या पत्र्यात येतो. नऊच्या नऊ.”

मग त्यांनी वरून काडेपेटी माझ्याकडे टाकली. “ते उत्तर तू वाचलंस. वर ये. तूच लाव.”

मी वर गेलो आणि लावली. तुराट्या वाळलेल्या होत्या. जाळ एकदम माणसाहून उंच झाला. आम्ही दोघे शिडीने उतरलो. वडील घराच्या दाराशी गेले, वाकले आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले. त्यांच्यामागे आई गेली. मार्थाबाई गेली. मी गेलो. साहेब दाराबाहेर उभे होते. जमलेल्या लोकांकडे त्यांनी एकदा पाहिले, टोपी काढली आणि तेही आत आले. मग त्यांनी मागे वळून हाक मारली, “आजोबा, साक्षीला कोणी गावचा हवा. तुम्ही या.” आबा दारापर्यंत आले. आमच्या वस्तीतील कोणत्याही घराचा उंबरा त्यांनी तोवर ओलांडला नव्हता. ते बराच वेळ उभे राहिले. मग वाकून आत आले आणि दाराजवळच बसले.

डोक्यावर जाळ तडतडत होता. जळके वासे कोसळल्याचा आवाज आला तेव्हा साहेबांनी मान आत ओढून घेतली. दारातून काळी काजळी खाली येताना दिसत होती. साहेबांनी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवले आणि रुमालाने कपाळ पुसले.

“सायेब, घाम जाळाचा का जीपच्या पत्र्याचा?” मार्थाबाईने विचारले.

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. वीस मिनिटे झाल्यावर ते उठले. छत ठेंगणे होते. त्यांनी हात वर करून किलचणीला तळवा लावला. दुसऱ्या ठिकाणी लावला. तिसऱ्या ठिकाणी लावून तेथेच ठेवला. “गार आहे,” ते म्हणाले. आबांनी वर न पाहताच सांगितले, “माती चांगली चाळलीया.” त्यांच्याकडून आम्हाला मिळालेली ती एकमेव दाद. मी ती पुरेशी मानतो.

जाळ बसल्यावर सगळे बाहेर आले. साहेबांनी छतावर चढून राख बाजूला केली, मातीत पेन्सिल खुपसून पाहिली, आणि खाली येऊन वडिलांना सरळ सांगितले, “मिस्त्री, घर चांगले आहे. मी याच्यात राहीन. पण माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. खोली स्वीकारली, खोली नाकारली. माळवदाला रकाना नाही. मी तो नव्याने आखू शकत नाही.”

“आन माळावर कोबा घालायला पानी कुठलं?” आईने विचारले.

“त्यासाठी टँकर मंजूर आहे.”

“आमच्या घागरी रित्या, आन कोब्याला टँकर!”

साहेब खाली पाहू लागले. मग ते म्हणाले, “नाकारले तर पुन्हा मदत नाही, हे समजून घ्या. पावसाला तीन महिने आहेत. एक घर झाले आहे. आठ राहिली आहेत. तोवर शाळाही तुम्हाला किती दिवस ठेवून घेईल?”

हे खरे होते, आणि सगळ्यांना ते कळत होते. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. दोघातिघांच्या चेहऱ्यावर मला माळाचा रस्ता स्पष्ट दिसला, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो. ज्यांच्या घरात चार हात आहेत ते कसेही बांधतील. ज्याला कोणी नाही त्याचे काय, हा प्रश्न होता. म्हणून हळूहळू सगळ्यांच्या नजरा मार्थाबाईकडे गेल्या. तिच्याजवळ गमावण्यासारखे सर्वांत कमी होते आणि ते तिला परत मिळवून देणारेही कोणी नव्हते. पत्र्याची खोली तिला उद्या मिळणार होती.

तिने पदराने तोंड पुसले. “माझं दुसरं बांधशील का, शमुवेला? का लोंबत ठेवशील शेवटाला?”

“दुसरं तुजंच.”

“समद्यांम्होरं म्हन.”

“दुसरं मार्थाबाईचं. उद्यापासनं.”

“मंग आना तो कागुद. म्या पयली.”

नकाराचा अर्ज लिहायला कोणी हवे होते. साहेबांनी कागद मडगार्डवर ठेवला. मी पुढे झालो.

“तू कचेरीचा माणूस आहेस,” ते हळू आवाजात म्हणाले. “खाली लिहिणाऱ्याचे नाव घालावे लागते. मला ते वर पाठवावे लागेल.”

“घालतो,” मी म्हणालो.

मी लिहिले की आम्ही खाली अंगठे केलेली नऊ कुटुंबे माळावरील पत्र्याच्या खोल्या नाकारीत आहोत. आम्ही आमच्या मूळ जागेवर, आमच्या हातांनी, मातीच्या छताची घरे बांधीत आहोत. आम्हाला तेथून कोणी उठवू नये. शेवटचे वाक्य कोणी सांगितले नव्हते. मार्थाबाईने पहिला अंगठा दिला. नंतर वडिलांनी, मग बाकीच्यांनी. ज्यांच्या चेहऱ्यावर माळ दिसला होता त्यांनीही. खाली मी माझे पूर्ण नाव लिहिले. नोकरी पंधरा दिवसांनी गेली. तिच्याविषयी मी येथे आणखी लिहिणार नाही.

जीप गेली तेव्हा साडेपाच झाले होते. जीपमधून उतरवलेली चुन्याची पिशवी आमच्या दारात राहिली होती. साहेब ती विसरले की त्यांनी ती मुद्दाम ठेवली, ते मी त्यांना कधी विचारले नाही. बायका चुलींकडे गेल्या. गावातील माणसे पांगली. वडील छतावरील राख झाडीत होते. मी सुतळी घेतली आणि मार्थाबाईच्या जागेवर गेलो. तिचे घर आमच्या घराला लागूनच होते. कोणत्याही घराला चार खुंट्या लागतात. पण आमची पश्चिमेची भिंत तिचीही होणार होती, म्हणून मला दोनच ठोकाव्या लागल्या. दुसरी खुंटी ठोकताना खाली दगड लागला. ती उपटून वीतभर बाहेर घेतली, पहिलीही तेवढीच सरकवली, त्यामुळे तिची खोली तेवढी मोठी झाली. सुतळी ताणून बांधली, काटकोन पाहायचा गुणिया लावून कोपरे तपासले, आणि वर चुन्याची रेघ ओढली.